दोन पावसाळे मुरूम नाही

पडदा वर जातो.

मागे बिरोबाचं देऊळ. नुकताच चुना दिलेला. देणाऱ्याचा हात सैल असावा, कारण पायऱ्यांवरही पांढरे शिंतोडे पडलेत. डाव्या अंगाला लिंबाचं झाड, त्याखाली एक काळी-पिवळी जीप, टपावर कर्णा बांधलेला. उजवीकडे ग्रामपंचायतीची खोली. मधल्या मोकळ्या जागेत अख्खी हिवरवाडी जमलेली. बायका एका बाजूला पदर सावरून, पुरुष दुसऱ्या बाजूला उकिडवे. सकाळचे दहा वाजलेत. डिसेंबरचं कोवळं ऊन. असा उजेड आमच्या नाटक कंपनीला उभ्या आयुष्यात मिळाला नाही.

पायरीवर दोन माणसं उभी आहेत. पहिला इंद्रजीत. वय चाळिशीच्या आत, पांढरा कडक शर्ट, मनगटावर जाड घड्याळ. तो एकदा सरपंच होऊन गेलाय, त्याच्या आधी त्याचे वडील दोनदा. दुसरा मुंजाबा. चौसष्ट वर्षांचा, काटक, काळा, डोक्याला तांबडं मुंडासं आणि खाली नोकरीतली जुनी खाकी विजार. पस्तीस वर्षं तो रस्त्यावर मैलमजूर होता. पाचोडकडच्या डांबरी रस्त्याचा एक तुकडा सरकारने त्याच्या हवाली केला होता. त्यावरचे खड्डे बुजवायचे, कडेची चर साफ ठेवायची, बाभळी छाटायच्या. निवृत्त झाला तरी विजार सुटली नाही.

हिवरवाडी धनगरांची. दहा-बारा घरं मुसलमानांची. गावची रीत अशी की सरपंचपदाला उभं राहणाऱ्याने फॉर्म भरायला जाण्याआधी बिरोबापुढे भंडारा उचलायचा. हळदीची पूड ओंजळीत घ्यायची, गावासाठी काय करणार ते मोठ्याने बोलायचं आणि भंडारा देवावर उधळायचा. शब्द तिथून पुढे देवाचा. तो मोडला तर घरादाराला बाधतो, असं लोक मानतात.

इंद्रजीतने ओंजळ पुढे केली.

"बिरोबाच्या साक्षीनं सांगतो. फाट्यापासून गावापर्यंत रस्ता करून देईन."

टाळ्या पडल्या. त्याच्या वडिलांनीही दोनदा हाच भंडारा उचलला होता, आणि कुणाला काही बाधलं नव्हतं, कारण शब्द दर वर्षी पाळला जायचा. दिवाळीच्या सुमाराला ट्रॉल्या यायच्या, डांबरी फाट्यापासून गावापर्यंतच्या तीन किलोमीटरवर लाल मुरूम पसरायचा, रस्ता व्हायचा. जुलैत तो वाहून जायचा. पुन्हा दिवाळी.

मग मुंजाबाने भंडारा घेतला. सगळा हात पिवळा झाला.

"म्या पस्तीस वर्षं रस्ता सांभाळला," तो म्हणाला. "आपल्या रस्त्याला पाण्याचा रोग हाय. लवणात पाणी आडवं येतं अन् समदं घेऊन जातं. दर साली आपण पैसा वढ्यात सोडतो. म्हणून आधीच सांगतो. मी निवडून आलो तर डागडुजीचा खर्च बंद. दोन पावसाळे ह्या रस्त्यावर ग्रामपंचायतीचा मुरूम पडणार नाय. एक ट्रॉली सुदीक नाय. तो पैसा साठला की लवणात मोरी बांधीन, पाणी रस्त्याखालून जाईल. दोन वर्षं तुमचे लई हाल होतील. ज्याला चालत नसंल त्यानं मला मत देऊ नका."

आणि भंडारा उधळला.

मग पुढे बसलेला कडुबा, गावातला सगळ्यात वयस्कर मेंढपाळ, गुडघ्यावर थाप मारून हसला.

"लेका मुंजाबा, देवापुढं थट्टा करतो व्हय!"

झालं. सगळं गाव हसलं. लिंबाखालच्या जीपमधून कर्ण्यावर आवाज आला, "ओ सरपंच, मेरी जीप को क्या पंख लगाऊं?"

"लाव," मुंजाबा म्हणाला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. लोक आणखी हसले.

मी त्या गर्दीत बायकांच्या बाजूला बसले होते, आणि कबूल करते, मीही हसले. आयुष्यभर लोकांना हसवायची आणि रडवायची भाकरी खाल्ली, पण समोरचा माणूस कोणतं नाटक करतोय हे मला त्या दिवशी ओळखता आलं नाही. तो नाटक करतच नव्हता.

खरं तर मला ओळखता यायला हवं होतं. मुंजाबाला मी तेव्हा चाळीस वर्षं ओळखत होते. आमची नाटक कंपनी तंबू घेऊन गावोगाव फिरायची. पाचोडच्या अलीकडे आमचा ट्रक पेट्या-पडद्यांसकट चिखलात रुतला. दुपारची वेळ, सगळे नट खाली उतरून एकमेकांवर ओरडतायत, आणि झाडाखालून एक तरणा मैलमजूर फावडं-टिकाव घेऊन आला. त्याने कुणाशी बोलण्याआधी चाकापुढचा चिखल काढला आणि खड्डा नीट चौकोनी खणायला घेतला.

"अरे, घाई आहे आम्हाला. चौकोनी कशाला?" मी विचारलं.

"गोल खड्डा मुरूम बाहेर फेकतो, बाई. चौकोनात तो धरून बसतो. तुम्ही जाल, मागून दुसरी गाडी येणार हायच की."

ट्रक निघाला. आम्ही त्याला खेळाचा पास दिला. तो पुढच्या रांगेत मांडी घालून बसला, पापणी न लववता खेळ बघितला आणि संपल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बाई, तुमचं काम ब्येस झालं. पण राजाची तलवार लाकडाची हाय. ते मागच्या लोकांना बी दिसतं."

मालकांना राग आला. मला नाही आला. दुसऱ्या दिवशी तलवारीला पत्रा ठोकला. तेव्हापासून दर हिवाळ्यात मुंजाबा मला हुरड्याला बोलवायचा. कंपनी मोडली, तंबू विकला गेला, मी शहरात दोन खोल्यांत येऊन राहिले, तरी निरोप चुकला नाही. त्या भंडाऱ्याच्या दिवशीही मी हुरड्यालाच गेले होते.

परतताना पाचोडपर्यंत जहांगीरच्या जीपमधून निघाले. लिंबाखाली उभी होती तीच जीप. जहांगीर हा मुंजाबाचा लहानपणापासूनचा सवंगडी. त्याचे वडील मेंढरांचे व्यापारी, मुंजाबाचे मेंढपाळ. दोन्ही पोरांनी एका कळपामागे धूळ खाल्ली. मुंजाबा रस्त्याच्या नोकरीला लागला, जहांगीरने जुनी जीप घेतली. गाव ते पाचोड, दिवसाला सहा फेऱ्या. नऊ माणसांची जीप, बाजाराच्या दिवशी सोळा बसायचे आणि तरी तो फाट्यावर ओरडायचा, "खाली हाय, खाली हाय!"

लवणाशी आलो. रस्ता तिथे खोलगट होतो, पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आडवं येतं. तेव्हा कोरडं होतं, तरी माझी पाठ तीनदा टपाला लागली.

"जहांगीरभाई," मी म्हटलं, "तुमच्या दोस्ताने तर मोठंच संकट जाहीर केलं."

"संकट कायका, बाई? बडा हुशार निकला. सगळे म्हणत्यात करतो, अन् करत नाय. ह्यानं म्हणलं करत नाय. म्हंजे?"

"म्हणजे?"

"म्हंजे करणार! पब्लिक कू बराबर समजा." तो हसला. मग गिअर बदलून जरा हळू आवाजात म्हणाला, "अन् समजा, खरंच नाय टाकला. तो सबको नक्को बोला. मेरेकू थोडेच बोला? यार है मेरा."

पंधरा दिवस तो जीपला कर्णा बांधून फुकट फिरला. "रस्ता न करणारा माणूस! मुंजाबालाच मत द्या!" असं ओरडत. गाव पोट धरून हसायचं. एकटी सुगंधाबाई, मुंजाबाची बायको, हसत नव्हती. ती मला म्हणाली होती, "बाई, ह्यांना थट्टा येत नाय वो. लग्नात उखाणा घ्या म्हणलं तर म्हणाले, मला येत नाय. अन् गप बसले. आता बी तसंच हाय."

मुंजाबा एकाहत्तर मतांनी निवडून आला.

पुढच्या दिवाळीला ट्रॉल्या आल्या नाहीत, असं मी लिहिणार होते. पण गावाला तेवढा वेळही थांबावं लागलं नाही. पहिल्याच जुलैत लवणातलं सगळं वाहून गेलं आणि दगड उघडे पडले. याआधी पावसात खिंडार पडलं की ग्रामपंचायत दोन-चार ट्रॉल्या टाकून वेळ भागवायची. या वेळी लोक सरपंचाच्या दारात गेले आणि सरपंच म्हणाला, "म्या सांगितलं व्हतं."

लोकांना फसवल्यासारखं वाटलं. खोटं बोलून फसवणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांच्याशी भांडायचं कसं तेही ठाऊक होतं. आधी सांगून तसंच करणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं ते ठाऊक नव्हतं. कडुबा देवळासमोर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा, "आपण हसलो, तितंच चुकलं."

त्यातला मोठा घाव जहांगीरवर बसला. पुढचा प्रसंग मला आधी सुगंधाबाईने सांगितला, नंतर जहांगीरनेही. दोघांचे संवाद जवळजवळ शब्दाला शब्द जुळतात, म्हणून तसेच लिहिते.

ऑगस्टची सकाळ. जहांगीर मुंजाबाच्या ओसरीवर आला. बसला नाही.

"पट्टे तुटले, मुंजाबा. चाकावरच्या स्प्रिंगचे. महिन्यात दुसऱ्यांदा."

"पायलं म्या."

"एक ट्रॉली टाक. पुऱ्या रस्त्याला नक्को. फक्त लवणात. बाजाराचा दिवस निभला म्हंजे झालं."

"नाय टाकता येत."

"कोण बघतंय?"

"बिरोबा."

"अरे, तुझा बिरोबा मला लहानपणापासून ओळखतो. त्याच्या जत्रंत म्या बोकडं धरली, मांडव घातला. त्याला सांग, जहांगीरसाठी टाकला. वो कुछ नहीं बोलेगा."

सुगंधाबाई चुलीपासून उठून आली. "टाका की वो. देवाला मी नारळ फोडते. अभिषेक घालते."

"तू मधी बोलू नगं."

"मधी मीच हाय. जाहेदा माझ्यापाशी येऊन रडती, तुमच्यापाशी नाय." जाहेदा म्हणजे जहांगीरची बायको. दोघींचा चुलीतला विस्तव एकमेकींकडे जायचा.

"एकाला टाकली की दुसरा येतो," मुंजाबा म्हणाला. "कडुबाच्या पोराचा ट्रॅक्टर. मंग दुधाची गाडी. मंग मोरी कशाची बांधू?"

"मी एकटाच आलो ना? दुसरा आला की दुसऱ्याला नाय म्हण."

मुंजाबा ओसरीवरच्या फावड्याची माती खरडायला लागला.

"तू देवळापुढं बोलला तवा म्या हसलो," जहांगीर म्हणाला. "आता हसू येत नाय बघ." सुगंधाबाईने पुढे केलेली चहाची कपबशी त्याने हाताने मागे सारली आणि तो पायऱ्या उतरला. त्या घरातून तो चहा न घेता पहिल्यांदाच गेला.

दुसऱ्या दिवसापासून गावाने एक वेगळंच दृश्य पाहिलं. सरपंच पहाटे उठून लवणात. हातात घमेलं, फावडं, आणि मुरूम ठोकायची ती जड लोखंडी धुमस. ग्रामपंचायतीचा मुरूम टाकायचा नाही असा शब्द होता. स्वतःच्या शेताच्या बांधावरचे दगड टाकायचे नाहीत असा नव्हता. मुंजाबा बांध उकरायचा, दगड डोक्यावर वाहायचा, लवणातला एकेक खड्डा चौकोनी खणून भरायचा. दुपारी ग्रामपंचायतीत बसून सह्या करायचा. पाऊस आला की सगळे दगड ओढ्यात. सकाळी पुन्हा घमेलं. इंद्रजीत मोटारसायकल थांबवून म्हणाला, "काका, सरपंचाला हे शोभत नाय. दोन ट्रॉल्या मी माझ्या पदरच्या टाकतो." हे तो मनापासून म्हणाला होता, असं मला वाटतं. मुंजाबाने त्यालाही नको म्हटलं. "तू टाकली तर लोक म्हणतील ग्रामपंचायतीनंच टाकली."

जहांगीर दिवसातून सहादा तिथून जायचा. मुंजाबा बाजूला सरायचा, जीप डुलत पुढे जायची. एकदाच जहांगीरने काच खाली केली. "दगड चालतो, मुरूम नाय चालत. वकील झाला का रे तू?" त्यानंतर काच खाली झाली नाही.

पहिला पावसाळा कसाबसा निघाला. दुसरा निघाला नाही.

पाचोडच्या बाजाराचा दिवस होता. जीपमध्ये चौदा माणसं, कांद्याच्या गोण्या, एक शेळी. लवणात मागचं चाक खचलं, जीप एका अंगाला गेली आणि खालून बंदूक उडाल्यासारखा आवाज आला. माणसं वाचली, कडुबाच्या पायाला तेवढं लागलं. जीपचा सांगाडाच मधून तडकला होता. पाचोडच्या मिस्त्रीने खाली झोपून बघितलं आणि अंगावरची माती झटकत म्हणाला, "चच्चा, जोडून देतो, पण माणसं बसवू नका."

माणसं बसवायची नाहीत तर जीप कशाला? आठवड्याने ती भंगारात गेली. लोकांनी तोवर आपापल्या मोटारसायकली काढल्या होत्या, काही चालत फाट्याला जायचे. सरफराज, जहांगीरचा मुलगा, शहरात कंपनीत कामाला होता. तो म्हणाला, चला आता.

ते गेले तो दिवस सुगंधाबाईने मला फोनवर सांगितला, आणि सांगताना तिला मधेच थांबावं लागलं. सामान न्यायला गाडी गावात येईना. चिखल गुडघाभर. जाहेदाने गाठोडी बांधली, सरफराजने दोन पिशव्या घेतल्या. राहिली लोखंडी पेटी, भांड्यांची. मुंजाबा आला, कुणी बोलावलं नव्हतं. मुंडासं सोडून त्याची चुंबळ केली, पेटी डोक्यावर घेतली आणि चालू लागला. जहांगीर पुढे, मुंजाबा मागे. तीन किलोमीटर. लवणात मुंजाबाचा पाय घसरला, जहांगीर थांबला, वळून बघितलं नाही, पण तो सावरेपर्यंत थांबला. फाट्यावर एसटी आली. मुंजाबाने पेटी वर चढवून दिली. कंडक्टरने घंटी मारली. जहांगीर खिडकीत बसला होता. दोघांत एक शब्द झाला नाही.

आमच्या नाटकात असा प्रवेश असता तर मी लेखकाला सांगितलं असतं, इथे दोघांना काहीतरी बोलू द्या, प्रेक्षक वाट बघतात.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात मोरी बांधली. तीन मोठ्या सिमेंटच्या नळ्या, दोन्ही अंगाला दगडी भिंत. मुंजाबा सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिथे उभा. एक नळी जराशी तिरपी बसली, ती त्याने गवंड्याकडून उचलायला लावली. गवंडी वैतागून म्हणाला, "सरपंच, पाण्याला काय कळतं?" मुंजाबा म्हणाला, "पाण्यालाच कळतं." वर मुरूम टाकला, पाणी मारलं, रोलर फिरवला. उद्घाटन नाही, फीत नाही. सुगंधाबाईने नारळ फोडला. इंद्रजीतने मोरीचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "शब्द पाळणारा माणूस." लोक पुन्हा मुंजाबाला रामराम घालायला लागले. पाचोडच्या एका माणसाने नवी गाडी घेऊन फेऱ्या सुरू केल्या.

त्याच महिन्यात मुंजाबा शहरात माझ्या घरी आला. पाणी प्यायला, खुर्चीच्या कडेवर बसला.

"बाई, जहांगीर कुठं राहतो, ठावं हाय का?"

मी पत्ता दिला. माझ्या घरापासून रिक्षाने पंधरा मिनिटं. जहांगीर एका इमारतीत वॉचमन झाला होता. मुंजाबाने कागदाची घडी खिशात घातली. अर्धा तास बसला. उठला, चपला घातल्या आणि म्हणाला, "आज नगं." परत बसस्टँडवर गेला. दीड महिन्याने पुन्हा आला. पुन्हा पाणी, पुन्हा खुर्चीची कड, पुन्हा "आज नगं." मी म्हटलं, मी येते सोबत. तो म्हणाला, "तुम्ही आलात तर तुम्हीच बोलाल, बाई." हे खरं होतं.

गेल्या वर्षी आपल्याकडे पाऊस कसा कोसळला ते इथल्या वाचकांना मी काय सांगावं? शेतं गेली, जनावरं गेली, गावंच्या गावं तुटली. त्या आठवड्यात मुंजाबाचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज इतका, की तो ओढ्याकाठी उभा असावा.

"पाणी खालून गेलं, बाई," तो म्हणाला. "समदं खालून गेलं."

मी म्हटलं, "शाबास, मुंजाबा." फोन चालू होता. बराच वेळ मी नुसतं पाणी ऐकलं.

दिवाळीनंतर त्याचे पाय सुजले, मग पोट. डोळे पिवळे झाले. पाचोडच्या डॉक्टरने शहरात न्यायला सांगितलं. मी डबा घेऊन वॉर्डात जायचे. खाटेवर तो फार लहान दिसायचा. सुगंधाबाई खाली चटईवर. तिसऱ्या दिवशी तिने मला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाली, "बाई, त्याला बोलवा." कोणाला, ते विचारायची गरज नव्हती. मी सरफराजला फोन लावला.

जहांगीर दुपारी आला. वॉचमनचा निळा शर्ट अंगावर, म्हणजे ड्यूटीवरून थेट. सव्वा वर्षाने दोघं समोरासमोर. तो दारात थांबला, वॉर्डभर बघितलं, मग खाटेशी येऊन कमरेवर हात ठेवले.

"ओ सरपंच. टर्म बाकी है ना अभी? आडवा कायकू झाला?"

मुंजाबाच्या तोंडावर हसू आलं. ते मी चाळीस वर्षांत किती वेळा पाहिलं असेल? पाच? सहा?

जहांगीर स्टुलावर बसला. जाहेदाच्या गुडघ्यांचं बोलणं झालं. सरफराजच्या मुलीचं, सदफचं, शाळेचं झालं. वॉचमनला कोणकोण कशी उत्तरं देतात त्याच्या नकला त्याने करून दाखवल्या, बऱ्या करायचा. सुगंधाबाई पदरात तोंड घालून हसली.

त्यानंतर चौथ्या दिवशी मुंजाबा गेला. मधले दिवस तो गुंगीत होता. डोळे उघडायचा, पण बोलला नाही. त्यामुळे त्या दुपारी तो जे बोलला तेच शेवटचं. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मी काही वाढवत नाही, काही गाळत नाही.

"एक बात पूछू?" जहांगीर म्हणाला. "खरं सांगशील?"

"खोटं येतंय कुठं त्यांना," सुगंधाबाई म्हणाली.

"त्या दिवशी एक ट्रॉली टाकली असती, तर बिरोबा खरंच रागावला असता?"

मुंजाबाने मान त्याच्याकडे वळवली. वळवायला वेळ लागला.

"देवाचं काय नाय," तो म्हणाला. "कुणासाठी टाकली ते देवाला कळतं. लोक म्हणाले असते, मुंजाबा बी तसलाच निघाला. ते मला ऐकू वाटत नव्हतं."

बाजूच्या खाटेवरच्या माणसाने पाणी मागितलं, सुगंधाबाईने उठून दिलं.

"जाने दे," जहांगीर म्हणाला. "मोरी चांगली बांधलीस. सरफराज बघून आला."

मुंजाबाने मान हलवली. हे बोलणं त्याला नको होतं. त्याने चादरीवरून हात सरकवत जहांगीरचं मनगट धरलं.

"एकच तर मागितली व्हतीस," तो म्हणाला. "टाकायला पायजे व्हती."